माध्यमिक स्तरावरील ‘तरंग’ संकल्पना : मराठी पाठ्यपुस्तकातील मांडणीची समीक्षा (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ध्वनी, प्रकाश, भूकंप आणि दूरसंचार अशा परस्परांपासून दूर भासणाऱ्या घटनांना एका सूत्रात गुंफणारी संकल्पना म्हणजे तरंग होय. तरंगाबरोबर ऊर्जा पुढे जाते, पदार्थ जात नाही. यांत्रिक तरंगात माध्यमाचे कण आपल्या मूळ स्थानाभोवती केवळ दोलन करतात, हा या संकल्पनेचा गाभा आहे. बालभारतीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या इयत्ता नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकात ती ‘ध्वनीचा अभ्यास’ या बाराव्या पाठातून येते. या मांडणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मांडणीचे गुण व मर्यादा

पाठाची शास्त्रीय बाजू भक्कम आहे. तरंगलांबी, वारंवारता व वेग यांचा संबंध, श्राव्यतेची २० ते २०,००० हर्ट्झ ही मर्यादा, प्रतिध्वनी व निनाद यांतील भेद आणि सोनार, सोनोग्राफी यांसारखे उपयोग त्यात क्रमाने येतात. मात्र तरंगाला स्वतंत्र पाठ नाही. तो ध्वनीचा गुणधर्म म्हणून अवतरतो. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात तरंग म्हणजे ध्वनी असे समीकरण दृढ होण्याचा संभव असतो.

दुसरी अडचण आलेखाची आहे. हवेतील ध्वनितरंग हा अनुतरंग असून त्यात कणांचे दोलन तरंगाच्या दिशेलाच समांतर होते. परंतु संपीडन व विरलन यांमुळे होणारा घनतेचा बदल आलेखात दाखविला की शृंग आणि गर्त असलेली नागमोडी रेषा मिळते. ती रेषा घनतेची आहे, कणांच्या मार्गाची नव्हे, हे शिक्षकाने आवर्जून सांगितले नाही तर हवा वरखाली होते असाच अर्थ विद्यार्थी काढतो. तळ्यात दगड टाकण्याचे सर्वपरिचित उदाहरणही जपून वापरावे लागते, कारण पृष्ठभागाजवळील पाण्याचे कण केवळ वरखाली न होता जवळजवळ वर्तुळाकार मार्गाने फिरतात.

संज्ञांचा प्रश्न

मराठीत एकाच संकल्पनेसाठी तीन शब्द नांदतात. समुद्राची ‘लाट’, विज्ञानाच्या पुस्तकातील ‘तरंग’ आणि भूगोलातील भूकंपाच्या ‘लहरी’ ही एकाच घटनेची रूपे आहेत, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. नववीच्याच भूगोलात प्राथमिक व दुय्यम भूकंप लहरींचा परिचय होतो. प्राथमिक लहरी म्हणजे अनुतरंग आणि दुय्यम लहरी म्हणजे अवतरंग, ही ओळख मात्र दोन विषयांच्या भिंतीमुळे राहून जाते. सेमी-इंग्रजी वर्गात हा दुरावा अधिक वाढतो, कारण तेथे भूगोल मराठीतून आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते. शिवाय ‘अवतरंग’ या संज्ञेतील ‘अव’ हा उपसर्ग ‘खाली’ असे सुचवितो. दोलनाची दिशा तरंगाच्या दिशेला लंब असते, हा मूळ अर्थ त्यातून प्रकट होत नाही.

परिसरातील उदाहरणे

मराठवाड्यातील विद्यार्थ्यासाठी हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली. किल्लारी ते छत्रपती संभाजीनगर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २४० कि.मी. आहे. प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ कि.मी. आणि दुय्यम लहरींचा सुमारे ३.५ कि.मी. धरल्यास पहिल्या लहरी सुमारे ४० सेकंदांत, तर दुसऱ्या सुमारे ६९ सेकंदांत या शहरापर्यंत पोहोचतात. या २९ सेकंदांच्या फरकावरूनच भूकंपाच्या केंद्राचे अंतर काढता येते. नववीच्या विद्यार्थ्याला सहज सुटणारे हे गणित तरंगाचे दोन्ही प्रकार आणि वेगाची संकल्पना एकाच वेळी शिकविते.

दुसरे उदाहरण शहरापासून सुमारे ३० कि.मी. वरील वेरूळचे आहे. तेथील दहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह त्यात घुमणाऱ्या आवाजासाठी प्रसिद्ध आहे. पाठ्यपुस्तकानुसार २२ अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर असतो आणि स्पष्ट प्रतिध्वनीसाठी परावर्तक पृष्ठभाग किमान १७.२ मीटर अंतरावर असावा लागतो. चैत्यगृहाची लांबी सुमारे २६ मीटर व रुंदी सुमारे १३ मीटर आहे. लांबीच्या दिशेने ध्वनी परत येण्यास सुमारे ०.१५ सेकंद लागतात, तर एका बाजूच्या भिंतीजवळून निघालेला ध्वनी समोरच्या भिंतीवरून ०.०८ सेकंदाच्या आतच परततो. स्तंभ व कमानदार छत यांवरून होणारी परावर्तने तर त्याहूनही आधी येऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून तेथे जे ऐकू येते त्याला बोलीत प्रतिध्वनी म्हटले जात असले तरी शास्त्रीयदृष्ट्या तो प्रामुख्याने निनाद आहे. पाठातील व्याख्या तपासून पाहण्यासाठी याहून उत्तम प्रयोगशाळा क्वचितच सापडेल.

समारोप

एकूण पाहता, या पाठातील उणीव माहितीची नसून जोडणीची आहे. तरंगाचा स्वतंत्र परिचय, विज्ञान व भूगोल यांत समान संज्ञा आणि शालेय सहलीला जोडलेली मोजमापे या तीन गोष्टी साधल्या तर ही संकल्पना पाठांतराचा विषय राहणार नाही. विशेषतः ज्या प्रदेशाने तरंगांची संहारक शक्ती प्रत्यक्ष अनुभवली आहे, तेथील विद्यार्थ्याला ‘लहर’ आणि ‘तरंग’ एकच आहेत हे शाळेतच कळणे अगत्याचे आहे.