हेल्मरच्या घरांतील बंद पेटी

इब्सेनचें ‘डॉल्स हाउस’ १८७९ सालच्या डिसेंबरांत कोपनहेगनच्या रॉयल थिएटरांत प्रथम रंगभूमीवर आलें. त्यावर एक आक्षेप वारंवार घेण्यांत आला आहे तो असा कीं, पहिल्या अंकांत चोरून खाऊ खाणारी अल्लड नोरा तिसऱ्या अंकांत एकाएकीं विचारवंत होऊन घर सोडते, हें संभवनीय वाटत नाहीं. आमच्या मतें हा आक्षेप केवळ कथानक ऐकणाऱ्याचा आहे, नाटक पाहणाऱ्याचा नव्हे. रंगभूमीवरील दिवाणखान्याकडे ज्यानें नीट पाहिलें, त्यास हा संसार पहिल्या प्रवेशापासूनच तडकलेला दिसेल.

पडदा उघडतांच नोरा बाजारांतून येते, तोंडांत खाऊ टाकते आणि नवऱ्याच्या खोलीच्या दाराशीं जाऊन कानोसा घेते. तो बाहेर येण्यापूर्वीं तिला ओठ पुसावे लागतात! संवादांतही तोच प्रकार. हेल्मर तिला चंडोल म्हणतो, खार म्हणतो. पाखराशीं लाडानें बोलतां येतें. त्याच्याशीं सल्लामसलत होत नाहीं. म्हणूनच नवऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं बापाच्या नांवाची खोटी सही करून तिनें काढलेलें कर्ज, ही या संसारांतील प्रेमाची सर्वांत मोठी गोष्ट, नेमकी त्यालाच सांगतां येत नाहीं.

परंतु इब्सेनचें खरें कौशल्य पत्रपेटींत आहे. तिची किल्ली हेल्मरपाशीं. क्रोग्स्टाडचें पत्र नोराला कांचेतून दिसतें, पण हातीं लागत नाहीं. नवऱ्यानें पेटी उघडूं नये म्हणून ती जिवाच्या आकांतानें नाचते. पुढें कुलुपांत तिच्या केसांतील मोडका आंकडा सांपडतो, आणि ती तो आळ मुलांवर घालते. आठ वर्षें संसार केलेल्या स्त्रीला स्वतःच्याच घरांत चोराची विद्या करावी लागावी, याहून बोलकें भाष्य कोणतें?

पत्र वाचून हेल्मरला काळजी पडते ती अब्रूची. कर्जरोखा परत येतांच आनंद होतो तो स्वतःच्या सुटकेचा. तिचें काय, हें तिलाच विचारावें लागतें. मग नाचाचा पोशाख उतरवून ती साध्या वस्त्रांत येते व त्याला टेबलापलीकडे बसविते. इतक्या वर्षांत दोघांचें गंभीर बोलणें हें पहिलेंच. या संभाषणास क्वचित् वादसभेचा सूर लागतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि १८८० सालीं जर्मन रंगभूमीकरितां शेवट बदलून नोराला मुलांसाठीं थांबविण्यांत आलें, तो शेवट इब्सेनला स्वतःलाच असह्य झाला. त्याचें कारण उघड आहे: ती थांबली तरी पेटीची किल्ली होती तेथेंच राहते.

मराठींत हें नाटक करणाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे. शेवटच्या दाराच्या आवाजावर सारी भिस्त ठेवूं नये. ती पेटी मात्र प्रेक्षकांच्या नजरेआड होऊं देऊं नये.