ओळखीचा तास

जूनमध्ये नवा वर्ग भरला की ओळखीचा तास होतो. मुले एकेक करून उभी राहतात. पूर्ण नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, छंद सांगतात. ही पद्धत आम्हाला सदोष वाटते.

पाळी जवळ आली की मूल स्वतःचेच वाक्य घोकू लागते. ओळीने बोलणाऱ्यांना आपल्या लगेच आधी बोललेल्याचे शब्द फारसे आठवत नाहीत, असे माल्कम ब्रेनर यांनी १९७३ साली प्रयोगाने दाखवले. म्हणजे शेजाऱ्याचेच नाव निसटते! नावांच्या साखळीच्या खेळात तर पहिला सुटतो, शेवटचा घामाघूम होतो.

दुसरा दोष अधिक गंभीर. आपल्याकडे आडनावावरून जात ताडतात, व्यवसायावरून घरची मिळकत. पहिल्याच दिवशी हे जाहीर कशाला? ज्याला वडील नाहीत, त्याने काय सांगायचे?

अष्टमीच्या वर्गात आम्ही जमिनीवर खडूने कुंडलिका काढायला सांगू. उत्तरेला अष्टमी, दक्षिणेला रोहा, पूर्वेकडे कोलाड, पश्चिमेला रेवदंड्याची खाडी. प्रत्येकाने आपल्याला सर्वांत चांगली माहीत असलेली जागा निवडून तिथे उभे राहावे. (घराची जागा विचारू नये, वाडीचे नावही आडनावासारखेच बोलते.) मग जवळच्याला नाव विचारावे, आणि ही जागा का निवडली तेही. एकाच वेळी सगळे बोलतील, गोंगाट होईल, होऊ द्यावा. ४० मुलांच्या ७८० जोड्या होतात, तेव्हा हा खेळ आठवडाभर चालवावा, रोज जागा बदलून. शिक्षक बाहेरगावचे असले, तर त्यांची जागा मुलांनी ठरवावी.