भय आणि भयागती : सातारा-सांगलीच्या साहित्यातून

दलित साहित्याचे विवेचन करताना आमचे समीक्षक 'निर्भय' हे विशेषण फार उदारपणे वापरतात. नायक निर्भय, लेखक निर्भय, भाषाही निर्भय. या गौरवात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडतो : भय कोणाला होते, आणि त्या भयाने कोणाकडून काय करवून घेतले?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी चार अगती सांगितल्या आहेत. छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी जाऊन मनुष्य अकुशल कर्म करतो. येथे भय म्हणजे केवळ दुर्बळाचा थरकाप नव्हे. ते अन्यायाला प्रवृत्त करणारे कारण आहे. ही दृष्टी घेऊन सातारा व सांगली या जिल्ह्यांशी निगडित लेखन पुन्हा वाचले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. त्यात १९०१ च्या सुमारास मसूर स्थानकाहून गोरेगावला केलेल्या प्रवासाची हकीकत आहे. मुले महार आहेत हे कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला. अट अशी की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. अंधार पडल्यावर हा माणूस आपणांस निर्जन जागी नेऊन मारील, या शंकेने मुले रडू लागली. मुलांचे हे भय वाचकाच्या मनात राहते. परंतु गाडीवानही भ्यालेलाच होता. त्याला विटाळाचे भय होते. मुलांच्या भयाने कोणाचेच काही बिघडले नाही. गाडीवानाच्या भयाने मात्र ती मुले आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यावर परकी झाली. भयागती ती हीच.

आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मध्ये विहिरीतील प्रेत काढण्याचा प्रसंग आहे. पोलीस तराळकी करणाऱ्या वडिलांनाच विहिरीत उतरावयास लावतात. पित्याचे धैर्य येथे दिसतेच. पण प्रेताला शिवण्याचे भय गावाचे होते. गावाने ते स्वतः सोसले नाही, तराळाचे कर्तव्य म्हणून त्याच्या माथी मारले.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) कादंबरीतील हजेरीही अशीच पाहावी लागेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरविले. ज्यांची रोज मोजदाद करावी लागते, त्यांना सत्ता भीत असते. फकिरा शेवटी आपल्या कोंडलेल्या माणसांसाठी स्वतःला सरकारच्या स्वाधीन करतो. त्याला आपल्या माणसांविषयी भय वाटत नव्हते, असे नाही. त्या भयाने त्याला अकुशल मार्गाला नेले नाही, हे त्याचे मोठेपण आहे.

सार्वजनिक जीवनातील उदाहरण याच मातीतील आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे झटले, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यावर काही दिवसांतच निघाला. कायद्याची गरज आधीही तीच होती. लोक दुखावतील, मते जातील, या भयाने राज्यकर्त्यांचे पाऊल अडले होते, असे आमचे मत आहे. मारेकऱ्यांचा द्वेष न्यायालयाच्या कक्षेत येतो. ही भयागती कोणत्याही आरोपपत्रात येत नाही. ती दाखविणे साहित्याचे व समीक्षेचे काम आहे.

मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्तात भगवंतांनी अरण्यातील भयाचे मूळ अशुद्ध आचरणात दाखविले आहे. भय आले असता चालत असतील तर चालतच, बसले असतील तर बसूनच त्यांनी ते दूर केले. भय नाकारणे हा त्यांचा मार्ग नव्हता. आमच्या समीक्षेनेही नायकाच्या निर्भयतेचा जयघोष थोडा कमी करून, भिणाऱ्या समाजाचे आचरण तपासावे. भित्रा कोण, हे त्याशिवाय कळणार नाही.