परक्या गावचा मास्तर

लाफ्काडियो हर्न 1890 साली जपानातल्या मात्सुए या आडबाजूच्या शहरी इंग्रजीचा मास्तर म्हणून गेला. तिथली त्याची रोजनिशी 1894 च्या ‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान’ या ग्रंथात आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. कोश उशाशी घेऊन ती वाचली. मरणाच्या दारी असलेला योकोगी रात्री पाठुंगळी बसून एकवार शाळा पाहून येतो, तिथे डोळे भरून आले.

तरी एक उणीव सलते. मुलांचे इंग्रजी निबंध हर्न कौतुकाने उतरवून देतो. मुले त्याच्या भाषेत आली. तो त्यांच्या भाषेत कधी पुरता रुळला नाही. म्हणून मुलांची अदब त्याला दिसते, आपसातली कुजबुज क्वचितच ऐकू येते. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (1955) मास्तरही उपराच, पण धनगरांची बोली त्याला परकी नव्हती.

इथे माझी लेखणी अडखळते. आमच्या बिलोलीकडे कित्येक पोरे घरी तेलुगू बोलतात. त्यांच्या मराठीवर मी लाल शाई फिरवतो. त्यांची तेलुगू मी किती शिकलो? हर्नला दिलेला शेरा आधी माझ्याच वहीत लिहायला हवा.