मधमाश्यांची सभा आणि माणसांच्या संस्था

संस्थेत टिकून राहणारे परिवर्तन नेतृत्वाने कसे घडवावे, या प्रश्नाचे उत्तर निसर्गात शोधणारे लेखन विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरेच वाढले आहे. अरण्य, नदी, मुंग्यांचे वारूळ यांचे दाखले त्यात विपुल आढळतात. परंतु त्या अरण्याचे वा वारुळाचे प्रत्यक्ष निरीक्षण क्वचितच आढळते. थॉमस सीली यांचा ‘हनीबी डेमॉक्रसी’ (2010) हा ग्रंथ या सामान्य स्थितीला अपवाद आहे. सीली हे कॉर्नेल विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ. मधमाश्यांचा थवा नवे घर कसे निवडतो, याचा अनेक वर्षे अभ्यास केल्यानंतरच त्यांनी मानवी संस्थांसाठी काही पाठ काढले आहेत. म्हणूनच या पाठांची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. अशा चोख निरीक्षणावर उभा असलेला उपदेशही जेथे अपुरा पडतो, तेथे इतरांची गत काय होईल हे सांगावयास नको.

मधमाशीला गुरू करण्याची परंपरा जुनी आहे, आणि त्या गुरूने प्रत्येक शिष्याला त्याच्या मनातलेच सांगितले आहे. व्हर्जिलला मोहोळात राजा दिसला व प्रजेची राजनिष्ठा दिसली. तो ‘राजा’ अंडी घालणारी मादी आहे, हे पुढे सतराव्या शतकात निर्विवाद झाले. मँडेव्हिलने 1714 च्या आपल्या ग्रंथात त्याच मोहोळावरून व्यक्तीच्या दुर्गुणांतून समाजाची भरभराट होते, असा सिद्धांत मांडला. या सर्वांहून सावध शिष्य म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूत, ज्याचे चोवीस गुरू मराठी वाचकाला एकनाथांच्या टीकेमुळे परिचित आहेत. फुलाफुलातून थोडे थोडे घ्यावे हे तो मधमाशीकडून शिकतो. आणि साठा करणाऱ्याचा साठ्यासह नाश होतो, हेही तिच्याच उदाहरणावरून शिकतो. गुरू अनुकरणासाठी असतो तसा इशाऱ्यासाठीही असतो, हा विवेक आधुनिक संघटनाशास्त्राच्या वाङ्मयात अभावानेच दिसतो.

सीली यांच्या ग्रंथाचा गाभा मात्र खरोखर मोलाचा आहे. महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर यांना थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने व विटांच्या धुळीने माखलेल्या दिसल्या. या माश्या फुलांवरून आलेल्या नसून घर शोधून आलेल्या आहेत, हे त्यांनी त्यावरून ताडले. हा धागा सीली यांनी पुढे नेला. मेनच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या ॲपलडोर बेटावर मोठी झाडे नाहीत, त्यामुळे माश्यांना आयती ढोली मिळत नाही. तेथे त्यांनी एक चाळीस लिटरची उत्तम पेटी व चार पंधरा लिटरच्या सामान्य पेट्या मांडल्या. थव्यांनी पाचपैकी चार वेळा उत्तम पेटीच निवडली. सुमारे दहा हजार माश्यांच्या थव्यात घर शोधणाऱ्या टेहळ्या माश्या काही शेच असतात. उत्तम जागा पाहून आलेली माशी अधिक वेळ नाचते, तिच्यामुळे इतर माश्या ती जागा पाहावयास जातात व स्वतः पारखून मगच नाचू लागतात. राणी या सर्व व्यवहारात केवळ उपस्थित असते. आणखी एक गोष्ट विशेष आहे. प्रत्येक खेपेगणिक माशीचा नाच कमी होत जातो व शेवटी ती आपल्या जागेची तरफदारी आपोआप थांबवते. पराभव मान्य करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यांनी विद्यापीठीय समित्यांत काही काळ काढला आहे, त्यांना या एका गुणासाठी तरी मधमाशीचा हेवा वाटेल.

समारोपाच्या प्रकरणात सीली यांनी पाच पाठ दिले आहेत: सभासदांचे हित समान व परस्परांविषयी आदर असावा, नेत्याचा प्रभाव कमीत कमी असावा, अनेक पर्याय शोधावेत, चर्चेतून ज्ञान एकत्र करावे, आणि पुरेशी संख्या जमताच निर्णय घ्यावा. हे पाठ आपल्या विभागाच्या सभा चालविताना त्यांनी वापरूनही पाहिले. तथापि पहिला पाठ हा वस्तुतः पाठ नव्हे, ती उरलेल्या चारांची पूर्वअट आहे. थव्यातील कामकरी माश्या एकाच आईच्या लेकी. ज्या माशीची जागा नाकारली गेली, तिचे काहीही नुकसान होत नाही, तीही त्याच नव्या घरात राहावयास जाते. कापडगिरणीत नवे यंत्र बसविण्याचा निर्णय होतो तेव्हा मालक, जॉबर आणि साच्यावरचा विणकर यांचे हित असे एकवटलेले नसते. ते एकवटणे हेच तर नेतृत्वाचे कठीण काम. निसर्गाने ते मधमाश्यांसाठी आधीच करून ठेवले आहे. पदाची शाश्वती असलेल्या प्राध्यापकांच्या सभेत जे साधले, त्याचा दाखला गिरणीला लागू करताना म्हणूनच दहा वेळा विचार करावा लागतो.

याहून मोठी गोष्ट पाचही पाठांत मुळीच आलेली नाही. घर सोडून कोण जाते? जुनी राणी जाते. सुमारे दोन-तृतीयांश कामकरी माश्यांसह, पोटात मावेल तेवढाच मध घेऊन, ती उघड्यावर येते. बांधलेली पोळी व भरलेला साठा मागे राहणाऱ्या लेकीला मिळतो. आणि या स्थलांतराची किंमत भारी असते: इथाकाजवळच्या अरण्यात नव्याने वसलेल्या चार मोहोळांपैकी सुमारे एकच पहिला हिवाळा पाहून पुढे जगते. माणसांच्या संस्थांत याच्या नेमके उलट घडते. ज्येष्ठ कोठारापाशी राहतात, आणि परिवर्तनाच्या थंडीत पाठविले जातात ते कनिष्ठ. निसर्गाचा आदर्श घ्यावयाचाच, तर जोखीम कोणाच्या वाट्याला जाते हा त्यातील सर्वांत अवघड भाग वगळून कसे चालेल? मागे राहिलेल्या घरात लेकी-लेकींत वारसा नांगीने ठरतो, हेही त्याच निसर्गाचे दुसरे अंग आहे. ते कोणी अनुकरणीय म्हणून मांडत नाही, हे योग्यच; पण मग निवड निसर्ग करीत नसून लेखक करीत आहे, हे उघडपणे मान्य करावयास हवे.

शिवाय ‘मधमाशी’ ही एकच नव्हे. सीली यांची माशी युरोपीय, ढोलीत राहणारी. सह्याद्रीतील सातेरीही पोकळीत राहते. परंतु आग्या माशी उंच फांदीला वा कड्याला एकच उघडे पोळे टांगते व ऋतुमानानुसार ते सोडून दूर जाते. चाळीस लिटरच्या पोकळीचा प्रश्न तिला पडत नाही.

या ग्रंथाचे मराठी भाषांतर व्हावे एवढी त्याची योग्यता निश्चित आहे. भाषांतरकाराला एका शब्दापाशी मात्र थांबावे लागेल. मूळ ग्रंथातील ‘क्वोरम’साठी आपल्याकडे ‘गणपूर्ती’ हा शब्द रूढ आहे. आपल्या सभांत गणपूर्ती चर्चेपूर्वी मोजली जाते, आणि ती सभागृहात बसलेल्यांची. थव्यात ती थव्यापाशी मोजलीच जात नाही. प्रस्तावित घराच्या दाराशी वीस-तीस टेहळ्या एकाच वेळी जमल्या म्हणजे ती पूर्ण होते. तेथे मोजल्या जातात त्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन, आत शिरून, चारी बाजू चालून पाहिलेल्या माश्या.