ड्रमचे ठोके आणि हृदयाचे ठोके

बाकावर बोटांनी ताल धरून बसणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात असतो. आपण त्याला दटावून गप्प बसवतो. अशा चुळबुळ्या मुलांच्या हाती ड्रम द्यावा, त्याने शरीर सुदृढ होते आणि मनही स्थिरावते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्याच्या बातम्या गेली काही वर्षे वाचायला मिळतात. या बातम्यांमागचे संशोधन मुळातून पाहिले तर ते चांगले आहे असेच म्हणावे लागते. बातम्या मात्र त्याच्या बऱ्याच पुढे धावल्या आहेत. हे अंतर किती आणि कुठे पडले, हे शिक्षकांनी समजून घेणे गरजेचे आहे. कारण अखेर प्रश्न वर्गातल्या मुलांचा आहे.

क्लेम बर्क हा 'ब्लॉन्डी' या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाचा ड्रमवादक. रॉक संगीतात ड्रमवादकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी वेगवेगळी कामे करतात, आणि कार्यक्रम तास-दीड तास चालतो. याला शरीराची किती शक्ती लागत असेल, या प्रश्नातून २००८ मध्ये इंग्लंडमध्ये 'क्लेम बर्क ड्रमिंग प्रोजेक्ट' उभा राहिला. त्यात बर्कच्या जोडीला चिचेस्टर विद्यापीठाचे मार्कस स्मिथ आणि ग्लॉस्टरशर विद्यापीठाचे स्टीव्ह ड्रेपर हे क्रीडाशास्त्रज्ञ होते. बर्कने प्रकल्पाला नुसते नाव दिले नाही. कार्यक्रमात हृदयाचे ठोके नोंदणारे उपकरण त्याने स्वतःच्या अंगावर बांधून घेतले. ते ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५० भरले आणि मधूनमधून १९० पर्यंत चढले. 'ड्रमवादक अव्वल फुटबॉलपटूच्या तोडीचा' ही बातमी तिथूनच पसरली.

येथे पहिली शंका घ्यायला हवी. हृदयाचे ठोके वाढणे आणि शरीराने काम करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तोंडी परीक्षेसाठी दाराबाहेर ताटकळणाऱ्या विद्यार्थ्याची छातीही धडधडत असते. पण म्हणून तो धावणाऱ्याइतकी ऊर्जा खर्च करीत नसतो. शिवाय तेवढाच प्राणवायू खर्च होत असला, तरी पायांच्या कामापेक्षा हातांच्या कामात हृदय अधिक जलद चालते. म्हणून नुसत्या ठोक्यांवरून फुटबॉलपटूशी बरोबरी करता येत नाही.

संशोधकांना हे ठाऊक होते. या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ पुरुष ड्रमवादक होते. त्यांना प्रयोगशाळेत क्रमाक्रमाने अधिक जोराने ड्रम वाजवायला लावले आणि दमछाक होईपर्यंत सायकलही चालवायला लावली. सायकलवर गाठलेल्या कमाल पातळीशी तुलना केली, तर ड्रम वाजवताना हृदयाचे ठोके सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. प्राणवायूचा वापर मात्र सुमारे ७९ टक्केच झाला. ठोके आणि श्रम यांतली तफावत या दोन आकड्यांत स्वच्छ दिसते. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे, आणि बातम्यांनी नेमकी तीच गाळली.

कार्यक्रमातला ऊर्जाव्यय ताशी सरासरी ६२३ किलोकॅलरी, म्हणजे विश्रांतीच्या सुमारे आठपट निघाला. ताशी आठ किलोमीटर वेगाने पळणाऱ्यालाही साधारण एवढेच श्रम पडतात. पण हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नाही. कार्यक्रमात मोजले ते ठोके. ऊर्जेचे अनुमान प्रयोगशाळेतल्या ड्रमवादनावरून बांधलेल्या संबंधातून काढले. यामुळे हातांच्या कामाची अडचण बरीचशी दूर होते. प्रेक्षकांसमोरच्या उत्तेजनेची मात्र होत नाही. तेव्हा खरा आकडा याहून काहीसा कमी असण्याची शक्यता आहे. तरीही ड्रमवादन हे कष्टाचे काम आहे, यात शंका उरत नाही.

आणखी एक प्रश्न उरतो. ड्रममुळे माणूस तंदुरुस्त होतो, की तंदुरुस्त माणूसच वर्षानुवर्षे ड्रम वाजवू शकतो? मुरलेल्या वादकांवर एकदाच केलेल्या मोजमापातून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी नवख्यांना शिकवून आधी आणि नंतर पाहावे लागते.

पुढच्या टप्प्यात नेमके हेच झाले. किंग्ज कॉलेज लंडनच्या शास्त्रज्ञांसह केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रम कधीही न शिकलेल्या १६ ते २० वर्षांच्या ३६ स्वमग्न मुलामुलींचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटे ड्रम शिकवला, दुसऱ्याला नाही. शिकणाऱ्यांत अतिचंचलता आणि लक्ष विचलित होणे कमी झाले, आणि स्वतःला आवरण्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांतील परस्परसंबंधांत बदल दिसले.

निष्कर्ष आशादायक आहे. पण वर्तनाची माहिती पालकांकडून घेतली होती, आणि आपले मूल ड्रम शिकते आहे हे पालकांपासून लपवता येत नाही. सुधारणेची आशा बाळगणाऱ्याला सुधारणा दिसते, हा मनुष्यस्वभाव आहे. दुसरे असे की, तुलनेच्या गटाला ड्रमऐवजी चित्रकला किंवा पोहणे शिकवलेले नव्हते. मग गुण ड्रमचा, की आठवड्यातून दोनदा आस्थेने शिकवणाऱ्या शिक्षकाचा? हा अभ्यास ते सांगू शकत नाही.

आपल्याकडे लेझीम आहे, ढोल-ताशा आहे. म्हणून वरचे आकडे उचलून त्यांना चिकटवू नयेत. त्यांचे मोजमाप वेगळे करावे लागेल. त्याची सुरुवात वर्गातही होऊ शकते. मुलांना मनगटावरची नाडी मोजायला शिकवा. एकदा स्वस्थ बसून, एकदा दोन मिनिटे लेझीम खेळून आणि एकदा सर्वांसमोर गायला बोलावल्यावर, गाणे सुरू होण्यापूर्वी. पहिला आणि तिसरा आकडा शेजारी मांडला, की ठोके आणि श्रम यांतला फरक मुलांना आपोआप उमगेल.

बर्कला २०११ मध्ये ग्लॉस्टरशर विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, तो कर्करोगाने वारला. आपल्या कलेविषयीचा प्रश्न मोजमापापुढे ठेवायला तो कचरला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याच्या नावाने निघालेल्या आकड्यांची तितक्याच कसोशीने तपासणी करणे, हा त्याचा उचित सन्मान ठरेल. बाकावर ताल धरणाऱ्या मुलाच्या हाती ड्रम अवश्य द्यावा. पण त्याला तो आवडतो म्हणून. औषध म्हणून द्यायचा, तर पुरावा अजून अपुरा आहे.