स्पर्शाचा फळा आणि शेवटचा बाक

शाळाशाळांतून काळा फळा उतरवून तेथे संगणकाला जोडलेला पांढरा फळा लावण्याची मोहीम गेली काही वर्षे चालू आहे. बोट लावले की नकाशा मोठा होतो, हृदय धडधडताना दिसते. या फळ्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत आणि त्याला परदेशी खूळ म्हणून नाक मुरडणारेही आहेत. दोघांच्याही लिखाणात एक प्रश्न येत नाही आणि आपल्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे : या फळ्याला हात कोण लावणार?

मी हा शब्दांचा खेळ करीत नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते बाजूला काढले, ही घटना बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. तेथे फळा होता आणि शिक्षकाचे बोलावणेही होते. आड आली ती त्या वर्गातील समाजव्यवस्था.

नव्या फळ्याला विटाळ होत नाही, यंत्र जात विचारीत नाही, हे खरे आहे. परंतु यंत्रापर्यंत कोण पोचणार हे यंत्र ठरवीत नाही. भरलेल्या वर्गात एका वेळी एकदोन मुलेच फळ्यापाशी उभी राहू शकतात. ज्याच्या घरी संगणक आहे, ज्याचे बोट सफाईने चालते, ज्याला चुकण्याची भीती वाटत नाही, तोच पुढे बोलावला जातो. कारण तास वेळेत संपवायचा असतो. माझ्या आधी आमच्या घरात कोणी पदवीधर झाले नव्हते. आज महाविद्यालयात माझ्यासमोर तशीच पहिल्या पिढीची मुले बसतात. 'डिजिटल' म्हणविणाऱ्या शाळांतून आलेल्या काहींना मी विचारले, तुम्ही त्या फळ्यावर काय केले? उत्तर मिळाले, "आम्ही बघत होतो, सर." वर्गाबाहेर व्हरांड्यात बसविलेला आपला पूर्वजही बघतच होता.

दुसरा प्रश्न फळ्यावर दिसणाऱ्या मजकुराचा आहे. पाठ्यपुस्तकातील धडे कोणाच्या घरातून, कोणाच्या भाषेतून आले याची चिकित्सा आपण केली. चित्रफितीला मात्र निव्वळ साधन समजून सोडून देतो. मी पाहिलेल्या पाठांत घर म्हटले की वेगळे स्वयंपाकघर आणि अभ्यासाचे टेबल दिसते. स्वच्छतेचा पाठ असतो, पण गटारात उतरणारा माणूस त्यात नसतो. काळ्या फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक निदान बोलीतला एखादा शब्द घालून धडा मुलांच्या जवळ आणू शकत होता. तयार पाठात तेवढीही जागा उरत नाही.

हे अटळ आहे असे मी मानीत नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोचविणारा 'साइट' प्रयोग झाला. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. उपग्रह अमेरिकेचा होता. वर्षाची मुदत संपली आणि प्रयोगही संपला. साधन दुसऱ्याच्या मालकीचे असले की शिक्षणाची मुदतही दुसराच ठरवितो. आज ती थकलेले वीजबिल आणि कंपनीच्या परवान्याचे शुल्क ठरविते. मात्र त्याच १९७५ साली गुजरातेत सुरू झालेल्या खेडा प्रकल्पात गावची बोली, किमान वेतन आणि जातिभेद हे विषय पडद्यावर आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले म्हणून त्यांचे कौतुक झाले; पण त्याआधी त्यांनी पुस्तके मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये, नेली होती, हे कौतुकात मागे पडले.

खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. अनेक गावांत हे फळे लोकवर्गणीतून आले. बागायतदारांच्या गावात वर्गणी जमते. तांड्यावर, पाड्यावर, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीत ती कोठून जमणार? रयतेच्या घामाचा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे लेखी मांडले होते. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित, चांगल्या पगाराचे आणि नांगर धरायला न लाजणारे शिक्षक मागितले होते. साधनाआधी माणूस, हा त्यांचा क्रम होता. आज शिक्षकाची जागा रिकामी ठेवून भिंतीवर पडदा लावला जातो, तेव्हा तो क्रम उलटा होतो.

म्हणून नव्या फळ्याला विरोध करणे हे आपले काम नव्हे. ज्ञानाचे कोणतेही साधन नाकारणे आपल्याला परवडणारे नाही. तो फळा वर्गणीच्या नव्हे, शासनाच्या पैशाने प्रत्येक वस्तीशाळेत आला पाहिजे. त्याच्याबरोबर पूर्ण पगाराचा शिक्षक आला पाहिजे. पाठ तयार करणाऱ्यांत आपले शिक्षक, आपले लेखक असले पाहिजेत. आणि शाळा पाहायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी फळे किती बसले एवढेच मोजून परतू नये; गेल्या महिन्यात शेवटच्या बाकावरची किती मुले त्या फळ्यापर्यंत गेली, हे मुलांनाच विचारावे.